गप्पीच्या पिल्लांसाठी तीन पेट्या आणि एक जुडी गवत

गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या घरच्या टँकमधल्या चौघा माशांची अंडी पोटातच उबतात आणि पिल्लू बाहेर पडतं ते पोहतच. गप्पीचं नवं पिल्लू ६ ते ८ मिलिमीटरचं असतं, मॉलीचं थोडं मोठं. आईची माया हा प्रकार या माशांत नाही. समोर काही बारीक हललं की ती गट्ट करते, मग ते तिनेच पाच मिनिटांपूर्वी जन्माला घातलेलं का असेना. टँकमधले बाकीचे तर टपूनच बसलेले असतात. म्हणून विणारी मादी आणि पिल्लं यांना वेगळं ठेवणारी पेटी, म्हणजे ब्रीडिंग बॉक्स, विकला जातो, आणि पोट फुगलेली मादी दिसली की बहुतेक जण धावत जाऊन तो घेतात.

बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा मिळतात: आत जाळीचा ताट असलेली छोटी प्लास्टिकची पेटी, चौकटीवर ताणलेली कापडी जाळी, आणि टँकच्या बाहेरून काचेला लटकणारी, हवेच्या पंपावर चालणारी अ‍ॅक्रिलिकची पेटी. ब्रँड बदलतात, डबे बदलतात, आतली रचना हीच. पहिल्या दोन साधारण दीडशे ते साडेतीनशे रुपयांत येतात. तिसरीला सहाशेपासून हजार-दीड हजारापर्यंत मोजावे लागतात. दुकानागणिक फरक पडतोच. तिन्ही वापरण्याजोग्या आहेत, पण किती तास किंवा किती दिवस, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बहुतेक तक्रारी बाळंतपणाच्या खोलीचं पाळणाघर केल्यामुळे उद्भवतात.

पेटीची पारख करण्याआधी ती कधी लागते ते पाहू, कारण उत्तम पेटीसुद्धा चुकीच्या दिवशी वापरली तर नुकसानच करते. २६-२७ अंश तापमानात गप्पीची मादी साधारण २२ ते ३० दिवसांनी विते. प्लॅटी-स्वोर्डटेलचंही चार आठवड्यांच्या आसपास. मॉलीला बहुधा महिन्याच्या वर लागतं. पोटाखाली शेपटीच्या बाजूला जो काळपट डाग असतो तो गडद आणि मोठा होत जातो. फिकट रंगाच्या गप्पीत शेवटी त्या डागात पिल्लांचे डोळे टिपक्यांसारखे दिसतात. काळ्या मॉलीत डाग दिसण्याचा प्रश्नच नाही, तिथे पोटाच्या आकारावरूनच ओळखायचं. पोट नुसतं गोल आहे तोवर वेळ आहे. बाजूने पाहिल्यावर ते पुढून चौकोनी, खोक्यासारखं दिसू लागलं, मादी कोपऱ्यात किंवा हीटरच्या मागे एकटी राहू लागली, खाणं तोंडात घेऊन थुंकू लागली, की एक-दोन दिवसांत पिल्लं येणार असं समजावं. पेटीत टाकायची ती तेव्हा. आठवडाभर आधी टाकलेली मादी भिंतीला तोंड घासत राहते, तणावाने पिल्लं अर्धवट टाकते, किंवा उलट वीणच लांबवते. अपुऱ्या दिवसांची पिल्लं पोटाला पिवळा बलक चिकटलेल्या अवस्थेत तळाशी पडतात आणि त्यांतली फार थोडी जगतात. ‘बॉक्समध्ये पिल्लं मेली’ अशी तक्रार ऐकली की पहिला प्रश्न विचारावा, मादी किती दिवस आत होती.

आता ती छोटी पेटी. पाणी मावतं लिटर-दीड लिटर. मधोमध इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा ताट, त्याला खाली फट. मादी वर, पिल्लं फटीतून खाली घसरतात. कल्पना चांगली आहे, आणि बारा तासांच्या कामाला ही पेटी पुरते. पण तिचा तळ बंद असतो आणि बाजूला हवेपाण्यासाठी मोजक्याच चिरा. मादीची विष्ठा, न खाल्लेलं खाणं, अर्धवट पडलेलं एखादं अंडं, सगळं त्याच फटीतून खाली जाऊन नेमकं पिल्लांच्या मजल्यावर साचतं. बाहेर ६० लिटरचा टँक स्वच्छ असला तरी आतल्या लिटरभर पाण्यात अमोनिया वाढत राहतो. आपल्याकडच्या उन्हाळी २९-३० अंशांत आणि अल्कधर्मी पाण्यात तो आणखी विषारी ठरतो. संध्याकाळी उड्या मारणारी तीस पिल्लं सकाळी तळाशी पांढरी पडलेली दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. रोग वगैरे शोधत बसू नये.

दुकानात ही पेटी घेताना खिशात लाकडी काडेपेटी असावी. बाहेरच्या भिंतीच्या चिरेत काडी सहज शिरली, तर गप्पीचं पिल्लूही त्यातून बाहेर जाईल. ती पेटी परत ठेवावी. उलट आतल्या ताटाच्या फटीत दोन काड्या शेजारी-शेजारी बसायला हव्यात. फट त्याहून अरुंद असेल तर पिल्लं वरच अडकतात आणि आईच्या तोंडी लागतात. मॉलीच्या जाड पिल्लांना तर फट बरोबर बेताचीच पडते. काही स्वस्त पेट्यांत ताट नीट बसत नाही, कडेला बोटभर मोकळी जागा राहते आणि मादी तिथून खाली उतरते. मग पेटी असून नसल्यासारखी. दुकानातच ताट बसवून, पेटी उलटी करून हलवून पाहावी. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्यावं.

या तऱ्हेच्या सगळ्या पेट्यांचं दुखणं एकच, सक्शन कप. दोन-तीन महिन्यांत ते कडक होतात, रात्री एखादा सुटतो, पेटी कलंडते आणि सकाळी टँकमधले मासे तृप्त दिसतात. कप उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवले की पुन्हा मऊ होतात, आणि काचेवरचं शेवाळ आधी पुसून मग लावले तर टिकतातही. तरीही पेटीला एक दोरा बांधून वर टँकच्या पट्टीला अडकवणं हाच खरा विमा.

कापडी जाळीची पेटी दिसायला साधीसुधी, पण पाण्याच्या बाबतीत पहिलीपेक्षा बरीच सरस. साधारण अडीच लिटरची जागा, पाचही बाजूंनी पाणी खेळतं, टँकचं तापमान आणि पेटीचं तापमान एकच. अमोनिया साचत नाही. पिल्लांना हिच्यात दोन आठवडे ठेवता येतात. मग तक्रार कशाची? एक, मादीला वेगळं करणारा ताट बहुतेकांत नसतो, किंवा असतो तो लेचापेचा. म्हणजे मादी पिल्लं घालत असताना आत गवताची मूठ टाकावी लागते आणि वीण संपल्या संपल्या मादी उचलावी लागते. दोन, बाहेरचे मोठे मासे जाळीखालून चोची मारतात. तळाशी विसावलेल्या पिल्लाची शेपटी जाळीच्या बाहेर डोकावली की ओढली जाते. तळाला घरातल्या प्लास्टिकच्या झाकणाचा तुकडा बेतून टाकला की हे थांबतं, आणि खाणंही खाली गळून वाया जात नाही. तीन, कापडाला सुरकुती असेल तिथे पिल्लं अडकून मरतात. चौकटीचे कोपरे नीट ताणून बसवा, ढिल्या कोपऱ्यात एक टाका घातला तरी चालेल. चार, आठ-दहा दिवसांत जाळीवर तपकिरी शेवाळ आणि चिकट थर बसतो आणि पाणी खेळायचं थांबतं. मऊ दातब्रशने, टँकच्याच पाण्यात, बाहेरून घासायचं. साबण कधीही नाही.

आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची जिवंत पिल्लं खाऊ घालणाऱ्यांना जाळीचा आणखी एक तोटा जाणवेल. ती अर्ध्या मिलिमीटरची, जाळीतून भराभर बाहेर जातात. चमचाभर टाकलं तर अर्धं बाहेरचे निऑन टेट्रा खातात. बारीक विणीची जाळी मिळाली तर ती घ्यावी, मग घासायचं काम मात्र दुप्पट.

तिसरी, बाहेर लटकणारी पेटी, या तिघींत सर्वात चांगली आणि सर्वात जास्त चुकीची बसवली जाणारी. टँकच्या पाण्यात सोडलेल्या नळीत एअर पंपाची हवा जाते, बुडबुड्यांबरोबर पाणी वर चढून पेटीत पडतं आणि दुसऱ्या टोकाच्या जाळीदार पन्हळीतून परत टँकमध्ये येतं. सतत नवं पाणी, बाहेरचे मासे बाहेर, आणि काचेतून पिल्लं समोर दिसतात. त्यामुळे मेलेलं, पांगळं, उपाशी पिल्लू लगेच लक्षात येतं. दोन लिटरची मोठी आवृत्तीच घ्यावी. पाऊण-एक लिटरच्या छोट्या पेटीत मादी वळतानाच धापा टाकते, स्वोर्डटेलचं तर नावच नको.

धार किती ठेवायची हा इथला कळीचा मुद्दा. परतीच्या पन्हळीखाली मापाचा पेला धरून एक मिनिट मोजा. दोन लिटरच्या पेटीला मिनिटाला ३०० ते ४०० मिलिलिटर पुरे, म्हणजे पाच-सात मिनिटांत सगळं पाणी बदलतं. पंप पूर्ण सोडला तर पहिल्या दिवसाची पिल्लं प्रवाहाने परतीच्या जाळीवर चिकटतात आणि तिथेच दमून मरतात. हवेच्या नळीवर वीस रुपयांचा प्लास्टिकचा नळ बसवून धार आवळावी, आणि परतीच्या जाळीपुढे स्पंजचा एक सेंटिमीटर जाडीचा तुकडा उभा करावा. त्या स्पंजवर जंतूंची वाढ होते, पिल्लं दिवसभर ती टोचत बसतात, हा वरचा नफा.

पण हाच स्पंज किंवा जाळी तुंबली, एखादं गवताचं पान आडवं बसलं, तर परतीची वाट बंद होते आणि पंप मात्र पाणी चढवतच राहतो. पेटी काठोकाठ भरून बाहेरच्या बाजूने सांडते, रात्रभरात टँकमधलं पाच-दहा लिटर पाणी जमिनीवर. खाली एक्स्टेंशन बोर्ड असेल तर प्रकरण गंभीर. म्हणून रोज झोपण्याआधी पन्हळ बोटाने साफ करायची आणि वीजेचा बोर्ड टँकच्या खाली ठेवायचा नाही, हे दोन नियम. तिसरा, पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर हवेच्या नळीत उलटं पाणी रोखणारा चेक व्हॉल्व्ह हवाच. दिवे गेले की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. चेक व्हॉल्व्ह पेटीसोबत क्वचितच येतो, वेगळा मागून घ्यावा.

दिवे गेल्यावर दुसरीही अडचण होते. पेटी टँकच्या बाहेर असल्याने पाणी फिरायचं थांबलं की ती टँकपासून तुटते. चाळीस पिल्लं आणि त्यांच्या आईसकट दोन लिटर पाण्यात तास-दोन तासांत प्राणवायू कमी पडतो, पिल्लं पृष्ठभागाला लागतात. मादी आधी काढून घ्या, मग पिल्लं बरीच तग धरतात. भारनियमनाच्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप नसेल तर या पेटीपेक्षा जाळी बरी. थंडीचंही तेच. पुणे-नाशिकला डिसेंबरच्या रात्री टँकमध्ये हीटर २६ अंश राखत असला, तरी बाहेरच्या पेटीचं पाणी एखाद-दोन अंशांनी उतरलेलं असतं. मुंबई-कोकणात हा प्रश्न सहसा येत नाही. शिवाय विकत घेण्याआधी टँकच्या काचेची जाडी आणि वरची कड मोजा. प्लास्टिकची रुंद कड असलेल्या टँकवर तिचा हूक बसत नाही, आणि बसला तर टँकचं झाकण लागत नाही. पाण्यासकट पेटी दोन किलोच्या वर जाते, हे वजन एका पातळ काचेवर आहे हे विसरू नये.

मादी विऊन झाली की लगेच टँकमध्ये परत सोडण्याची घाई बऱ्याच जणांना असते. तिथे चार नर तिच्यामागे लागतात. शक्य असेल तर एक दिवस वेगळ्या भांड्यात, गवताच्या आडोशाला ठेवावी. नर नसले तरी पुढच्या महिन्यात ती पुन्हा विणार आहेच. या माद्या नराचं बीज पोटात काही महिने साठवून ठेवतात, एकदाच्या मिलनावर अनेक विणी होतात. त्यामुळे दुकानातून ‘फक्त मादी’ आणून विशिष्ट रंगाची पैदास करायची कल्पना फोल ठरते. तिच्या पहिल्या दोन-तीन विणींतली पिल्लं दुकानातल्या कोणत्या नराची हे कुणीच सांगू शकत नाही.

पेटीत पिल्लांना काय आणि किती द्यायचं, यावर पेटी चांगली की वाईट ते ठरतं. पहिले काही तास काही नको. नंतर दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच. बोटांत चुरून मैद्यासारखी केलेली फ्लेक्स चालतात. उकडलेल्या अंड्याचा बलक हा जुना सल्ला अजून सगळीकडे ऐकू येतो, पण पेटीत तो देऊ नये. दाण्याएवढ्या बलकाने लिटरभर पाणी दुपारपर्यंत नासतं. सर्वोत्तम म्हणजे आर्टेमिया. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ, अर्धा चहाचा चमचा अंडी, २७ अंशांच्या आसपास तापमान, तळातून जोरदार हवा आणि उजेड. साधारण २४ तासांत केशरी पिल्लं फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, पिल्लं तळाशी उजेडाच्या बाजूला गोळा होतात, तिथून नळीने ओढून दाट कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन मग द्या. टरफलं पेटीत गेली तर पिल्लांच्या पोटात अडकू शकतात, एवढी काळजी घ्यावी. तळाशी उरलेलं रोज काढायला सुईविना सिरिंज आणि हवेच्या नळीचा वीतभर तुकडा पुरतो. यासाठी खास साधन विकत घ्यायची गरज नाही.

दोन-तीन आठवड्यांत पिल्लू सव्वा-दीड सेंटिमीटर झालं की पेटीचं काम संपलं. त्यापुढे पेटीत ठेवलेली पिल्लं खुजी राहतात, कितीही खाऊ घाला. त्याच सुमारास, तीन-चार आठवड्यांचे असताना, नरांचा पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार होऊ लागतो. रंगाचा वाण राखायचा असेल तर नर आणि माद्या तेव्हाच वेगळे करायचे, उशीर झाला की बहिणी भावांकडून गाभण राहिलेल्या असतात. दोन वेगवेगळ्या विणींची पिल्लं एका पेटीत घालू नयेत. तीन आठवड्यांचं पिल्लू कालच्या पिल्लाला खाऊ शकतं, आणि खातं.

मॉलीसाठी मात्र या तिन्हींपैकी कोणतीही पेटी मनापासून सुचवता येत नाही. तिचा देह मोठा, स्वभाव घाबरट. पेटीत ती इतकी आपटते की तोंड सोलवटतं. शिवाय तिला जड, अल्कधर्मी पाणी मानवतं. मुंबई-पुण्याच्या नळाचं धरणाचं पाणी हलकं असतं. त्यात मॉली अंग आखडून एका जागी डुलत राहते, आणि दोष पेटीला जातो. फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा, किंवा लिटरला एक ग्रॅमच्या हिशेबाने खडे मीठ, याने फरक पडतो. मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्यात मॉली कसलीही मनधरणी न करता विते. आरओचं पाणी या चौघांपैकी कुणालाच घालू नये. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून किंवा हायपो (क्लोरीन मारणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे) घालूनच वापरावं. पेटीतल्या पिल्लांवर क्लोरीनचा परिणाम सर्वात आधी दिसतो.

आता गवताची जुडी. गप्पी ग्रास, हॉर्नवर्ट किंवा साधी हायड्रिला, तीस-पन्नास रुपयांत टोपलीभर मिळते आणि महिनाभरात दुप्पट होते. ६० लिटरच्या टँकच्या वरच्या निम्म्या भागात ती दाट तरंगू दिली, मोठ्यांना दिवसातून दोनदा पोटभर खायला दिलं, तर कसलीही पेटी न लावता दर विणीतली काही पिल्लं आपोआप वाचतात. जन्मल्यावर पिल्लू वर जातं, गुंत्यात शिरतं, तिथल्या पानांवरचे सूक्ष्म जीव खातं. घरी आणलेलं गवत आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट जांभळ्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून धुऊन घ्यावं. त्यातून येणारी चतुराची अळी एका रात्रीत डझनभर पिल्लं फस्त करते.

व्यावसायिक पैदास करणारे सहसा पेट्या वापरत नाहीत. चेन्नईच्या कोलथूरसारख्या ठिकाणी सिमेंटच्या टाक्या आणि जाळीचे हापे, म्हणजे पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पिशव्या, असतात. माद्या हाप्यात, पिल्लं जाळीच्या छिद्रांतून खाली मोकळ्या टाकीत. घरी याचीच छोटी नक्कल फार छान चालते: वीस लिटरचा टब, त्यात स्पंज फिल्टर, आणि पाण्यात अर्धी बुडवून कडेला चिमट्याने अडकवलेली, ४-५ मिलिमीटर छिद्रांची प्लास्टिकची टोपली. मादी टोपलीत, टोपलीखाली गवत. विऊन झाली की टोपलीसकट मादी उचलायची. पिल्लं जिथे जन्मली तिथेच महिनाभर वाढतात. सगळा खर्च बाहेर लटकणाऱ्या पेटीच्या आसपास. फरक इतकाच की टब ठेवायला बैठकीत जागा हवी आणि घरच्यांची परवानगीही.

ज्यांच्याकडे एकच टँक आहे आणि त्यात एंजल किंवा गोरामीसारखे पिल्लं टिपणारे मासे आहेत, त्यांनी बाहेर लटकणारी दोन लिटरची पेटी घ्यावी, सोबत नळ, चेक व्हॉल्व्ह आणि स्पंज. टँकमध्ये फक्त गप्पी-प्लॅटी असतील तर पैसे गवतावर घालावेत. छोटी व्ही ताटाची पेटी घरात आधीपासून असेल तर टाकून देऊ नका. एखादा मासा दुसऱ्यांच्या माराने जखमी झाला तर त्याला दोन दिवस एकटा ठेवायला ती बरी पडते. वापरून झाल्यावर मिठाच्या कडक पाण्यात रात्रभर भिजवून, उन्हात सुकवून, कप काढून ठेवा. कप लावलेलेच ठेवले तर पुढच्या वेळेपर्यंत तडकलेले असतात.